विहिरीच्या पोटातली ऊब

चिनहट, लखनौ
१९ फेब्रुवारी १९९६

अरुणा,

आज तुमच्या कंपनीचं पत्र आलं. चाचणीचा अर्ज नामंजूर. खाली सही तुझी. ए-ची शेपटी अजून तशीच लांब ओढतेस, म्हणून पदनाम वाचायच्या आधीच ओळखलं.

कंपनीला वेगळं उत्तर देईन. हे तुला.

तू लिहिलंयस, 'सदर रसायनाचा पूर्वीचा अनुभव समाधानकारक नाही.' पूर्वीचा म्हणजे १९९३चा. त्या वेळी तू आणि मी याच शेडमध्ये शेजारी उभ्या राहून ते रसायन ढवळलं होतं, त्यामुळे अनुभव समाधानकारक नव्हता हे मला कुणी कळवायची गरज नाही. तेलविहिरीतलं मेण आपण विरघळवलं, ते वर येता येता पुन्हा गोठलं, आणि अर्धी चोंदलेली विहीर पूर्ण चोंदली. ते मी नाकारलेलं नाही. माझं म्हणणं वेगळं होतं. ज्यांच्या विहिरीनं आपल्याला बुडवलं, त्यांच्याकडेच तू महिन्याभरात नोकरीला गेलीस. जाताना 'येते' एवढंसुद्धा म्हणाली नाहीस.

ते राहू दे. या वेळी पाठवलेला नमुना तुम्ही उघडलेलाच नाही. सील तसंच परत आलंय. त्यात जुन्यातलं काहीही नाही, अरुणा. मी मेण विरघळवायचं सोडून दिलंय. मी विहिरीच्या तळाशी उष्णता पेटवते. वरून गरम तेल ओतायचं नाही, वाफ नाही, काही नाही. थंड पाण्यासारखं दिसणारं द्रावण आत जातं आणि तळाशी जाऊन तापतं.

मेहेरबानी मागत नाहीये. फक्त बाटली उघड.

विनया डबीर

---

चिनहट
२७ मार्च १९९६

अरुणा,

चार ओळींचं पत्र, त्यातले तीन प्रश्न. बरं वाटलं म्हणणार नाही, पण प्रश्न बरोबर आहेत. खास करून तिसरा: 'टाकीतच पेटलं तर?'

दोन क्षार आहेत. कोणते ते बाटली उघडल्यावर तुझ्या लक्षात आलंच असेल. नुसत्या पाण्यात दोघं शेजारी-शेजारी निवांत पडून राहतात. आम्लाचा स्पर्श झाला की एकमेकांवर तुटून पडतात. मग उष्णता आणि नायट्रोजन. इथपर्यंत जगात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. अडतं ते तू म्हणतेस तिथेच. आम्ल वर मिसळलं तर माणसं भाजतील, आणि खाली वेगळं पोचवायचं तर कसं?

मला उत्तर सरबताच्या कारखान्यात मिळालं. हस खुशाल.

गेल्या उन्हाळ्यापासून मी ऐशबागच्या रस्तोगीजींचे इसेन्स तपासून देते. केळं, अननस, गुलाब, कुल्फीसाठी रमचा वास. (का तपासते ते विचारू नकोस. शेड चालू ठेवायची तर काहीतरी तपासावंच लागतं.) मे महिन्यात ते तणतणत आले. "मैडम, सारा माल खट्टा हो गया! छत पर रखवाया था, दो दिन धूप लगी, बस." मी बाटली हुंगली. केळ्याच्या वासाखाली आंबूस झाक. मी त्यांना नेहमीचंच सांगायला लागले, की इसेन्स म्हणजे एस्टर, त्यात पाणी राहिलं आणि ऊन लागलं की ते हळूहळू फुटतं आणि आम्ल सुटतं... आणि वाक्य अर्धं टाकून मी तिथेच खुर्चीत बसले. ते घाबरले. "तबीयत ठीक है?" म्हणाले.

थंड असताना गप्प. ऊन लागलं की हळूहळू आम्ल. अरुणा, विहिरीचा तळ म्हणजे दुसरं काय गं? बारा महिने तेरा काळ तापलेलाच असतो. द्रावणात थोडं एस्टर घालायचं. टाकीत काही होत नाही, नळीतून जाताना काही होत नाही. तळाशी पोचलं की विहिरीच्याच उबेनं ते फुटतं, आम्ल सुटतं, आणि क्षार पेटतात. काडी आपण ओढायचीच नाही. विहीर स्वतः ओढते.

एस्टर बदललं की वेळ बदलतो. लवकर फुटणारं हवं की उशिरा, ते आता माझ्या हातात आहे. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी शेडमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून आज तुला सांगितलं.

विनया

---

गोमती नगर
९ मे १९९६

अरुणा,

बाटली उघडलीस, तापवलीस आणि चष्म्यावर फेस उडाला, हे वाचून मला किती आनंद झाला ते लिहायला संकोच वाटतो. चष्म्यावर निभावलं हे नशीब.

तू म्हणतेस, चंचुपात्र म्हणजे विहीर नव्हे, उंच नळीत करून दाखव. दाखवलं. पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्याला उभा पाइप बांधला, आतून मेणाचा लेप दिला, खालच्या टोकाला तापत्या तेलाचं वेष्टण. पहिल्याच खेपेला एस्टर जरा चपळ निघालं. वरून जो फेस उसळला तो शेजारच्या खोक्यांच्या कारखान्यावर. त्यांची नुकती रंगवलेली भिंत, तिच्यावर मेणाचे ओघळ, आणि सगळ्या गल्लीत अननसाचा घमघमाट. माणसं धावत आली ती ओरडत नाही, हुंगत! दिनकर बँकेतून मला घ्यायला आला होता. स्कूटर लावून तो वर बघत उभा राहिला आणि म्हणाला, "जमलं म्हणायचं की बिघडलं?" मी म्हटलं, "दोन्ही."

पुढच्या खेपांना जमलं. पाइप आतून ताटासारखा लख्ख.

पूर्वा आता तेरा वर्षांची आहे. तू गेलीस तेव्हा दहाची होती. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. परवा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "मम्मी कुएँ साफ़ करती हैं. नहीं यार, पानी वाले नहीं." इतक्या नेमक्या शब्दांत माझा धंदा मलाही कधी सांगता आलेला नाही.

खऱ्या विहिरीतला गाळ पाठव. बाजारच्या मेणावर मला किती दिवस खेळवणार आहेस?

विनया

---

चिनहट
३० जून १९९६

अरुणा,

गाळाचा डबा मिळाला. उघडल्यावर आधी भीतीच वाटली. मेण, डांबरासारखं काळं काहीतरी, बारीक वाळू, सगळं एकमेकांना धरून बसलेलं.

तापतो, सुटतो, वरपर्यंत येतो. आणि पाइपच्या वरच्या गार भागात पुन्हा जमतो. अगदी १९९३सारखाच. मी बघत उभी होते आणि ते माझ्या डोळ्यांसमोर पांढुरकं होत होत थिजत गेलं. तुझं वाक्य आठवलं, म्हणून आणखी चिडले. 'वितळवणं सोपं आहे विनू, वितळलेलं सुटं ठेवणं अवघड.' हे तू तेव्हाही म्हणायचीस. ढवळता ढवळता म्हणायचीस, जेवता जेवता म्हणायचीस. आणि मग कंपनीच्या बडोद्याच्या त्या बैठकीत सगळ्यांसमोर 'आम्ही घाई केली' म्हणालीस, आणि निघून गेलीस.

तुला ठाऊक होतं ना, हा गाळ माझ्या द्रावणाला जुमानणार नाही? म्हणूनच पाठवलास?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

विनया

---

चिनहट
२२ जुलै १९९६

अरुणा,

तुझं सात पानी पत्र तीनदा वाचलं. एकदा शेडमध्ये, एकदा स्कूटरवर मागे बसून, त्यात एक पान उडता उडता वाचलं, आणि एकदा घरी दिनकरला वाचून दाखवताना. त्यानं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "हिनं हे तीन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं." मी म्हटलं, "तेव्हा मी उघडलं नसतं."

म्हणजे तू नोकरीसाठी गेलीच नाहीस. 'बाटलीतून विहीर दिसत नव्हती, म्हणून विहिरीपाशी गेले.' हे वाक्य मला पुरलं. बाकीच्या सहा पानांतल्या स्पष्टीकरणांची गरज नव्हती, पण तीही आवडली.

आता कामाचं. तू लिहितेस की गाळ सुटा ठेवणारा साबण तुझ्या डोक्यात तेव्हाच तयार होता. लखनौ सोडण्याआधी महिनाभर तू इथे मागच्या मोरीपाशी जे करत बसायचीस, तेच ते. मला वाटायचं, रुसून बसलीयस. तुझी कृती वाचून लगेच करायला घेतलं. एरंडेल तेल अमीनाबादच्या एका दुकानातून आणलं. दुकानदार माझ्याकडे काळजीनं बघून म्हणाला, "इतना सारा? घर में सब ख़ैरियत?"

पहिला घाणा करपला. दुसरा फाटला. तिसरा मधासारखा झाला.

तो माझ्या द्रावणात घातला आणि तुझा गाळ पुन्हा पाइपात भरला. तापला. सुटला. वर गार भागात आला. थिजला नाही, अरुणा! मोहरीएवढे, त्याहूनही बारीक कण, एकेकटे, पाण्यात तरंगत निघून गेले. रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी बर्फात ठेवलं, तरी जमेना. माझी आग आणि तुझा साबण. दोघींनी एकमेकींना दाखवलं असतं तर हे तेव्हाच...

जाऊ दे. आता झालंय. पुन्हा अर्ज करते. नामंजूर करून तर दाखव.

तुझी
विनू

---

गोमती नगर
३ ऑक्टोबर १९९६

प्रिय अरुणा,

चाचणी मंजूर झाल्याचं आणि तू त्या समितीवर नसल्याचं एकाच दिवशी कळलं. उल्हास कारखानीस म्हणून तुमच्या फील्डवरचे इंजिनिअर आहेत, त्यांनी फोनवर सांगितलं. तू साहेबांसमोर जाऊन म्हणालीस म्हणे, "अर्जदार माझी मैत्रीण आहे, तेव्हा निकाल देणाऱ्यांत मी नसावं." आणि साहेबांनी तुझं कौतुक करायचं सोडून तुला वरच्या आसामात धाडलं. वर्षभरासाठी!

हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. 'इकडे हवा छान आहे, नदी मोठी आहे' एवढंच. तुझं लपवणं मला आता वाचता येतं, म्हणून माझंही सांगते. दिनकरची बढतीवर नागपूरला बदली झाली आहे. सगळं ठरलंय. दिवाळीनंतर शेड सोडायची, यंत्रं विकायची, पूर्वाची शाळा बदलायची. मी हे तुला फेब्रुवारीपासून सांगितलं नाही, कारण तू दयेनं 'हो' म्हटलेलं मला नको होतं.

तेव्हा ही एकच संधी आहे. विहीर दिलीये ती कुणालाच नको असलेली. पूर्वी आपोआप वाहायची, आता दोन वर्षं मुकी. नोव्हेंबरात तिच्यात सिमेंट भरून ती कायमची बुजवायचं ठरलंय. 'त्याआधी तुम्ही काय करायचं ते करून घ्या,' असं कारखानीस म्हणाले. रोग्याला ऑपरेशनला न्यायच्या आधी नातेवाइकांना भेटू देतात, तशा आवाजात.

मी भीत नाहीये. हे वाक्य खोडलं नाही, पण तू खोडून वाच.

विनू

---

उत्तर गुजरात, फील्डचं गेस्ट हाऊस
२४ नोव्हेंबर १९९६

अरुणा, अरुणा, अरुणा!

वाहिली!

आता बसून नीट लिहिते. तू इथे असायला हवी होतीस. नव्हतीस, म्हणून एक गोष्ट गाळणार नाही.

काल सकाळी विहिरीवर पोचलो. चोहीकडे एरंडाची शेतं. ते बघून मी मनात म्हटलं, तुझ्या साबणाचं हे माहेरच. विहीर म्हणजे काय, कुंपणात एक लोखंडी झाड, चाकाच्या झडपा लावलेलं, गंजलेलं. जरा बाजूला सिमेंटची गाडी आधीच येऊन उभी. ड्रायव्हर टपावर चादर टाकून झोपलेला. माझं झालं की त्याचं काम.

कारखानीस उंच, सडपातळ, तोंडात कायम बडीशेप. १९९३ला तेही इथे होते. मला बघून म्हणाले, "वहिनी, मागच्या वेळी तुमच्या रसायनाच्या वासानं माझं डोकं तीन दिवस दुखत होतं."

"या वेळी नाही दुखणार," मी म्हटलं.

टाकीचं झाकण उघडलं, तसे ते वाकले आणि हुंगून सरळ झाले. "हे काय, फ्रूट सॅलड?"

पंप सुरू झाला. द्रावण आत गेलं, मागून ढकलायला पाणी गेलं, झडपा बंद. आता तळाशी आग लागायची, नायट्रोजन सुटायचा आणि वरच्या काट्यावर दाब चढायचा. प्रयोगशाळेत मी हा वेळ इतक्यांदा मोजलाय की घड्याळ न बघता सांगेन.

तो वेळ आला. काटा हलला नाही.

आणखी थोडा गेला. काटा तसाच. मजूर कुंपणाला टेकून माझ्याकडे बघायला लागले. सिमेंटवाला जागा होऊन खाली उतरला आणि तोंड धुवायला लागला. वाटलं, पुन्हा तेच. पुन्हा तीच बैठक, तेच चेहरे, आणि या वेळी 'आम्ही घाई केली' म्हणायलाही शेजारी कुणी नाही.

कारखानीस आले. आवाज मऊ होता, त्यानंच जास्त लागलं. "वहिनी, काही होत नाहीये. उघडतो. सिमेंटची गाडी आजच्याच दिवसाची आहे, उद्या ती दुसरीकडे जाणार."

मी 'उघडा' म्हणणारच होते. तेवढ्यात सहज म्हणून हात पंपाच्या नळीवर ठेवला. बर्फासारखी गार. सकाळची थंडी, टाकीतलं गार पाणी. आणि एकदम लक्षात आलं, मी केवढी मूर्ख! शेडमध्ये पाइपच्या तळाला मी बाहेरून सतत उष्णता देते, तो गार होतच नाही. इथे मी विहिरीच्या पोटात टाकीभर गार पाणी ओतलंय. तळ तापलेला होता, तो मीच थंड केलाय. एस्टर अजून झोपलेलंच आहे.

"कारखानीस, इतकं गार पाणी भरल्यावर हिचा तळ पुन्हा तापायला किती वेळ लागतो?"

त्यांनी बडीशेप चघळायची थांबवली. "हिचा? ही जरा सुस्त आहे. दुपार होईल."

"मग दुपारपर्यंत उघडू नका."

"आणि गाडी?"

"गाडीला थांबवा. आणि ती गेलीच तर विहीर बुजवायला पुढच्या महिन्यात परत येईल. पण आता झडप उघडलीत तर न पेटलेलं सगळं वर येईल, आणि मग मी जन्मभर सांगत बसेन की जमलं असतं. मला ते सांगत बसायचं नाही."

ते वळले आणि ड्रायव्हरला ओरडून गुजरातीत काहीतरी म्हणाले. त्यानं खांदे उडवले आणि पुन्हा टपावर चढला.

अरुणा, ती दुपार! मजुरांनी रोटला आणि मिरची दिली, मी खाल्ली, काय खाल्लं ते कळलं नाही. कारखानीस तुझ्याबद्दल बोलत होते. म्हणाले, "अरुणाबाईंनी पहिल्या वर्षी या फील्डमधल्या प्रत्येक विहिरीचा गाळ स्वतः उतरून घेतलाय. साडी खोचून, गमबूट घालून. आम्ही हसायचो." मी म्हटलं, "मीही हसले असते." मग म्हटलं, "नाही. मीही उतरले असते."

आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, आणि ते उभे राहिले.

काटा हलला होता. अगदी किंचित. मी काच पुसली, वाटलं, ऊन चमकतंय. पण तो चढत होता. सावकाश, मग जरा भरभर, मग सरळ वर. एक मजूर म्हणाला, "साहेब, अंदर कुछ बोल रहा है." खरंच, पाइपला कान लावला तर आतून घरघर ऐकू येत होती. भलं मोठं भांडं उकळावं तशी.

"आता?" कारखानीसांनी विचारलं. त्यांचा हात चाकावरच होता.

"थोडं थांबा. सगळं पेटू दे."

काटा चढून स्थिर झाला. मी मान हलवली.

त्यांनी चाक फिरवलं. आधी नुसता वारा, कान बधिर करणारा. मग पाणी, वाफाळतं, आणि अख्ख्या एरंडाच्या शेतात फळांचा वास. मग फेस. काळा, जाड, खाकरत-ठसकत येणारा. मग वाळू आणि मेणाचे कण, मोहरीएवढे, सुटे सुटे. पाइपचं तोंड सोडलेल्या खड्ड्यात वाकून मी ते ओंजळीत घेतले. कोमट होते, आणि बोटांतून निसटून जात होते. एकमेकांना चिकटत नव्हते, अरुणा. एकही नाही.

मग खोकला थांबला. क्षणभर काहीच आलं नाही. आणि मग तेल आलं. हिरवट काळं, तकतकीत, अखंड धार. कारखानीसांनी पाइपला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "तापलाय! वहिनी, हात लावू नका, तापलाय!" हे ते इतक्या आनंदानं ओरडत होते की मजूर एकेक करून हात लावायला पुढे आले, भाजला की हसत मागे.

दोन वर्षं मुकी असलेली विहीर, अरुणा. स्वतःच्या बळावर.

सिमेंटवाल्यापाशी कारखानीस स्वतः गेले. "जाओ भाई," म्हणाले, "इसको कुछ नहीं हुआ है." तो म्हणाला, "पहले बोलते, नींद ख़राब की." आणि गाडी निघून गेली. ती धुरळा उडवत एरंडाच्या शेतांपलीकडे जाताना मी बघत होते, आणि तेव्हा रडले. आधी नाही.

आज सकाळी पुन्हा जाऊन आले. पहाटे गारठा होता. वरचा पाइप गार, तरी धार तशीच. कुठे जमलं नाही. ती तुझी करामत.

दिनकरला फोन केला. म्हटलं, "वाहिली! आता नागपूरचं काय करायचं?" तो म्हणाला, "बढती मी नाकारलीय. तू गाडीत बसलीस त्याच दिवशी."

"मला यश येईल की नाही ते कळायच्या आधीच?"

"आल्यावर नाकारली असती तर त्यात माझं काय?"

मागून पूर्वाचा आवाज, "मम्मी, कुआँ चल गया?" मी म्हटलं, "चल गया." आणि ती पोरगी फोनवर मराठीत म्हणाली, "मस्त गं आई!"

तुझीच
विनू

---

गोमती नगर
१५ डिसेंबर १९९६

प्रिय अरुणा,

बडोद्याला जाऊन आले. तीच लांबलचक टेबलाची खोली. चेहरे बरेचसे तेच, केस थोडे कमी. या वेळी मला खिडकीजवळची खुर्ची दिली आणि चहाबरोबर काजू.

विहीर तिसऱ्या आठवड्यातही तशीच वाहतेय, हे कारखानीसांनी सांगितलं. मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "मिसेस डबीर, तापवण्याचं समजलं. पण सुटलेला गाळ परत जमत कसा नाही?"

"त्यात एक साबण आहे."

"तुमचा?"

"नाही. अरुणा देवस्थळींचा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "त्या तर आमच्याकडे आहेत."

"हो, म्हणूनच सांगतेय. तुमच्याकडे तीन वर्षं आहेत. साबण त्याआधीचा आहे, आमच्या लखनौच्या शेडमध्ये केलेला. त्यांनी तो लपवला नाही, त्यांना कुणी विचारलं नाही. आणि मैत्रिणीच्या कामाचा निकाल आपण देऊ नये, असं त्या स्वतः येऊन म्हणाल्या, तर तुम्ही त्यांना आसामात पाठवलंत."

कुणीतरी खाकरलं. एकजण म्हणाला, अहवालात कर्मचाऱ्याचं नाव घालणं नियमात बसणार नाही. मी म्हटलं, "मग अहवालात माझंही नको. दोन्ही नावं, नाहीतर एकही नाही. आणि पुढच्या विहिरी तुम्ही गरम तेल ओतून साफ करा." अरुणा, एवढं म्हणून मी एक काजू उचलला.

साहेबांनी पेन उचललं आणि विचारलं, "देवस्थळी, पहिलं नाव पूर्ण कसं लिहितात?"

दोन्ही नावं आहेत. तुझं आधी. पहिल्या नावाच्या वर्णक्रमानं तसंच येतं, उगाच गहिवरू नकोस.

आणि ऐक, मेण गोठणाऱ्या सगळ्या विहिरींसाठी वेगळा गट काढतायत. प्रमुख म्हणून कुणाचं नाव सुचवलंय ते तुला अधिकृत पत्रानं कळेल. मी सांगितलं नाही. उल्हास कारखानीसांनीही मला सांगितलेलं नाही.

विनू

---

गोमती नगर
६ जानेवारी १९९७

प्रिय अरुणा,

तुझं पत्र मिळालं. गटाचं प्रमुखपद घेतलंस, शाबास. पण त्यातल्या दुसऱ्याच ओळीनं माझी झोप उडाली: 'इकडच्या विहिरी थंडीत सगळ्यात जास्त चोंदतात, आणि आत्ता चार एकदम मुक्या झाल्यात.' चार! आणि हे तू हवापाण्यासारखं सांगतेस!

पिंपं काल मालगाडीनं रवाना झाली. शेडमध्ये रस्तोगीजी स्वतः उभे राहून एस्टर मोजून देत होते. आता येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगतात, "हमारे इसेंस से तेल निकलता है जी." खोक्यांच्या कारखान्यातली दोन माणसं आमच्याकडे कामाला आली आहेत. शेड सबंध आता आमचीच आहे.

मी परवा अवध-आसामनं निघतेय. पुढे गाड्या बदलत बदलत कशी येईन ते मलाही नीट ठाऊक नाही. दिनकरनं लोकरीचे कपडे भरलेत, पूर्वानं चिवडा. तिनं निबंध लिहिलाय, मराठी मंडळाच्या स्पर्धेसाठी, मराठीत! व्याकरण भयंकर आहे. सोबत आणतेय, वाचून दाखवीन.

आल्याबरोबर तिथल्या तळाचं तापमान मला हवंय. या वेळी गार पाणी ओतायच्या आधी नीट हिशेब करायचा. एस्टर कोणतं घ्यायचं यावर तू वाद घालणारच आहेस, तेव्हा माझं मत आताच सांगून ठेवते: चपळ नको, सुस्त हवं. तू 'मध्यम' म्हणशील. आपण भांडू. साडेतीन वर्षांचं भांडण शिल्लक आहे, पण ते आता या कामावर भांडू.

स्टेशनवर येऊ नकोस. थेट विहिरीवर भेट. मला आधी विहीर बघायची आहे, मग तुला.

खोटं. आधी तुला.

विनू